बाभळीपासून टॉवेलपर्यंत

"दोन्हीवर 'पी'च हाय ना, काका?" शिवकुमारनं गोल्फच्या दोन काठ्या काउंटरवर शेजारीशेजारी टेकवल्या. "आता अक्षर सोडा अन् बाजूनं बघा. दोघं सख्खे भाऊ दिसून राहिले का तुम्हाला?"

रविकांतनं चष्मा पुसून पाहिलं. त्याच्या स्वतःच्या जुन्या काठीचं तोंड चांगलं मागं कललेलं होतं. शेजारची काठी त्याच्या बायकोची, ज्योत्स्नाची. तिचं तोंड बरंच सरळ उभं होतं. खाली दोन्हीकडं तेच अक्षर, पी.

लातुरात गंजगोलाईच्या मागं शिवकुमारचं खेळाच्या सामानाचं दुकान होतं. बॅटी, कॅरम बोर्ड आणि शाळांच्या ढाली विकून त्याचं पोट चालायचं. पण उमेदीची वर्षं त्यानं दुबईत एका गोल्फ क्लबाच्या दुकानात काढली होती आणि येताना काठीच्या तोंडाचा कल मोजायचं यंत्र बरोबर आणलं होतं. ते यंत्र वापरायची संधी मिळाली की त्याची टकळी सुरू व्हायची. आज तर गिऱ्हाईक दोन बॅगा घेऊन आलं होतं.

रविकांत फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेला. सिकंदराबादच्या छावणीत गोल्फच्या मैदानावरच्या ऑफिसात बसता बसता त्याला या खेळाची बाधा झाली, ती मुखेडला घरी आल्यावरही उतरली नाही. आज तो दोन कामांनी आला होता. त्याचे वेज झिजले होते, ते बदलायचे होते. आणि ज्योत्स्नाची बॅग विकून टाकायची होती. वेज म्हणजे जवळचा बॉल उंच उडवून हिरवळीवर अलगद उतरवायची काठी. तिचं तोंड जितकं जास्त कललेलं, तितका बॉल उंच जातो आणि जवळ पडतो. 'पी' अक्षराची काठी म्हणजे पिचिंग वेज, त्यांतली सगळ्यात कमी कललेली. भावकीत 'तुमची काठी व्हेज का नॉनव्हेज' हा विनोद एवढा जुना झाला होता, की आता तो करणाऱ्यालाही हसू येत नसे.

शिवकुमारनं पहिली काठी यंत्रावर चढवली. "तुमची पी अठ्ठेचाळीस अंशाची. जुना जमाना. तिच्यापुढं बावन्न अन् छप्पन. चार-चार अंशांची पायरी, एकदम बराबर. तेच घ्या परत. साठ घेऊ नका. तुमच्या माळावर ना वाळूचा खड्डा, ना तळं. साठची काय पूजा करता का?" मग त्यानं ज्योत्स्नाची काठी चढवली. "अन् ही चव्वेचाळीस. आता कंपन्या तोंड सरळ करून राहिल्यात. बॉल लांब जातो, गिऱ्हाईक खूश. अक्षर मात्र पीच ठेवतात. काकूंच्या बॅगेत हिच्यापुढं काय हाय?"

"छप्पन."

"अन् मधी?"

"मधी काही न्हाई."

"बारा अंशांचं भगदाड!" शिवकुमार मोठ्यानं हसला. "मधलं अंतर आलं की काकू काय करत होत्या हो? पी मारली की बॉल पुढं, छप्पन मारली की अलीकडं. पन्नासची एक काठी पाहिजे होती मधी. कुणी भरून दिली ही बॅग?"

बॅग रविकांतनंच भरून दिली होती. नवा संच घेतानाही त्यानं आपल्या जुन्या सवयीनं अक्षर पाहिलं होतं. पी म्हणजे पी, त्यात काय मोजायचं! आणि नव्या शिकणारणीला तिसरा वेज कशाला, असंही त्याला तेव्हा वाटलं होतं.

"पन्नासची एक दे," तो म्हणाला. "बायकांच्या मापाची. अन् ही बॅग आता विकायची न्हाई."

"आन् तुमचे वेज?"

"ते बघू पुन्हा."

"काकू परत सुरू करून राहिल्या का?"

"बांध लवकर. गाडी निघंल."

एसटीत चाकूरपर्यंत त्याला खिडकीची जागा मिळाली नाही. कंडक्टरनं दोन्ही बॅगा पायाशी लोटल्या आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली तिसरी काठी पाहून विचारलं, "काका, या वयात हॉकी?" एरवी रविकांतनं त्याला गोल्फ समजावून सांगितला असता आणि जांब येईपर्यंत सोडलं नसतं. आज त्यानं नुसती मान हलवली.

ज्योत्स्ना मुखेडच्या सरकारी दवाखान्यात सिस्टर होती. तिचा हात हलका म्हणून तालुकाभर नाव. तान्ह्या लेकराची शीर तिला चटकन सापडायची. म्हातारी माणसं इंजेक्शन घ्यायला यायची ती डॉक्टरला ओलांडून सिस्टरला शोधायची. उभ्या मुखेडात तिला सिस्टर न म्हणणारा माणूस एकच, तो तिचा नवरा. दोघांच्या निवृत्तीनंतर दर रविवारी ती त्याच्याबरोबर त्याच्या भावाच्या पडीक माळावर जायची, आधी चहाचा थर्मास घेऊन, आणि मग एक दिवस तिनं सहज काठी हातात घेतली. बॉल असा सुटला की रविकांत थर्मासचं झाकण हातात धरून बघतच राहिला.

त्या रविवारांएवढं सुख त्याला फौजेतही मिळालं नव्हतं. नवऱ्याची नोकरी लांब, बायकोच्या ड्युट्या रात्रीच्या. एकत्र असे ते म्हातारपणीच राहिले होते. ती माळावर एक जुना पांढरा टॉवेल अंथरायची, बाभळीपाशी येऊन उभी राहायची आणि बॉल त्या टॉवेलवर उतरवायला बघायची. बाकी सगळं तिला जमलं. तेवढं एक अंतर काही जमेना. बॉल टॉवेलच्या पुढं जायचा, नाहीतर अलीकडं. "पी अर्ध्या हातानं मार," तो सांगायचा. "ध्यान कुठाय तुझं? हातच जड हाय." ती पदरानं घाम पुसायची आणि पुन्हा मारायची.

मग सिकंदराबादला जुन्या मंडळींनी जोडप्यांची स्पर्धा ठेवली. बॉल घालायच्या शेवटच्या होलपर्यंत नेमकं तेवढंच अंतर उरलं, बाभळीपासून टॉवेलपर्यंतचं. तिनं पी घेतली. बॉल हिरवळ ओलांडून तळ्यात गेला. व्हरांड्यात साहेबलोक बायकांसह चहा पीत बसले होते. रविकांत सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "जन्मभर सुया बी अशाच टोचल्यास का गं?"

सगळे हसले. ज्योत्स्नानं काठीचं तोंड फडक्यानं पुसलं, काठी बॅगेत ठेवली आणि चेन लावली. ती चेन पुन्हा तिनं उघडली नाही. त्याला वाटलं, रुसली आहे, येईल. पुढच्या वर्षी तिच्या उजव्या छातीत गाठ निघाली. ऑपरेशन झालं, जीव वाचला. पण काखेतल्या गाठी काढल्यापासून उजवा हात सुजतो, नीट वर जात नाही. सूज चढू नये म्हणून दिवसभर घट्ट बाही घालून वावरावं लागतं.

जांब मागं पडलं. काठी आपल्यासाठीच घेतली म्हणून सांगता येईल, असं रविकांतच्या मनात येऊन गेलं. ती काही विचारणार नव्हती. पण न सांगता राहिलं, तर आपलाच हात जड होता असंच ती मरेपर्यंत समजणार होती. त्याला स्वतःची लाज वाटली आणि ती लाज मुखेडच्या स्टँडवर उतरेपर्यंत कमी झाली नाही.

ज्योत्स्ना ओसरीवर मेथी निवडत बसली होती, डाव्या हातानं.

"गेली न्हाई का बॅग?"

"विकली न्हाई."

"कामून? भाव पाडून मागत होता व्हय?"

तो तिच्यासमोर खाली बसला. "ज्योत्स्ना, तुझा हात बराबर होता."

"कोणता हात?"

मग त्यानं दोन्ही पी काढून फरशीवर शेजारीशेजारी ठेवल्या आणि सगळं सांगितलं, चव्वेचाळीस, छप्पन आणि मधली रिकामी जागा. तिनं सगळं ऐकून घेतलं. एक काडी मोडली, पानं खुडली.

"तवा चार लोकांपुढं म्हणला होतात," ती म्हणाली. "आता मेथीपुढं सांगून राहिलात."

रात्री जेवताना ती नेहमीसारखं वाढत होती. उठता उठता एवढंच म्हणाली, "सकाळी माळावर जाऊ."

माळावर बाभळीखाली केवळाबाई शेळ्या सोडून बसली होती. ज्योत्स्नाला बघून ती उठलीच. "सिस्टर! लई दिसानं व्हय!"

ज्योत्स्नानं पिशवीतून टॉवेल काढला. धुऊन घडी केलेला, तोच. चालत जाऊन तो तिनं जुन्या जागी डाव्या हातानं अंथरला, चार कोपऱ्यांवर खडे ठेवले आणि परत बाभळीशी आली. तिनं नवऱ्याकडं पाहिलं नाही. रविकांतला मात्र कळलं, आता आपली पाळी.

"केवळाबाई," तो म्हणाला, "हिला मी लोकांत नाव ठेवलं होतं. हात जड हाय म्हणलो. हात बराबर होता. सामान चुकीचं म्याच दिलं होतं."

केवळाबाई दोघांकडं आळीपाळीनं बघत राहिली. "सिस्टरच्या हाताला नाव ठिवलं? माज्या नातवाला टोचलं तवा लेकरू झोपेतून उठलं बी न्हाई!" आणि मग कठोरपणे, "तुमास्नी काय कळतंय हो साहेब!"

ज्योत्स्ना हसली. किती दिवसांनी हसली.

रविकांतनं बॉल गवतावर ठेवला आणि पन्नासची काठी वर्तमानपत्रातून सोडवली. "तू धर. नुसती धर."

तिनं काठी हातात घेतली, उजवा हात डाव्याखाली नेऊन ठेवला, मागं नेऊन पाहिली. कमरेशी हात थांबला. तिनं आणखी जोर केला नाही. काठी परत दिली.

"मग मी मारून दाखवू?"

"ऱ्हाऊ द्या. तुमचा बॉल पडल्यावर माझा हात कसा कळंल?"

ती वाकली. सुजलेल्या बोटांनी बॉल उचलला, मूठ पुरती मिटली नाही तरी घट्ट धरला आणि चालू लागली. शेळ्या बाजूला झाल्या. टॉवेलपाशी पोचल्यावर ती गुडघ्यावर बसली, बॉल मधोमध ठेवला, घरंगळतो का ते पाहिलं आणि हळूच बोटं काढून घेतली.

केवळाबाईनं विचारलं, "झालं का वो खेळून?"

रविकांत बाभळीपाशी उभा होता. हातातल्या काठीच्या तोंडावरचं दुकानातलं प्लॅस्टिक अजून निघालं नव्हतं.