ड्रममधला पिंपळ

फेब्रुवारी उजाडला तरी भिंतीवरच्या झाडाला एक पान नव्हतं. खोड होतं, फांद्या होत्या, वर जाऊन सगळ्या रिकाम्या हाताने उभ्या. येणारे-जाणारे स्कूटर हळू करून बघत आणि काहीतरी बोलून जात.

कोहका वस्तीतल्या बुद्धविहाराची ती रस्त्याकडची भिंत संघमित्राला मिळाली होती. आजवर तिने रंगवलं ते सगळं दुसऱ्याच्या सांगण्यावरून. दुकानांची शटर, गाड्यांचे नंबर, शाळांच्या कंपाउंडवर ‘पाणी वाचवा’. ही पहिली भिंत, जिच्यावर काय काढायचं ते ती स्वतः ठरवणार होती. बोधिवृक्ष. एप्रिलच्या जयंतीआधी.

पानं तिने एकदा रंगवली होती. डब्यातल्या तयार हिरव्या रंगाने, चांगली भरगच्च. मग दोन पावलं मागे सरून बघितलं आणि डोकं फिरलं. सलूनमधल्या कॅलेंडरवर असतं तसलं झाड. त्याच्याखाली बसून कुणाला झोप लागली असती, जाग कशी यायची? तिने पत्र्याच्या तुकड्याने सगळी पानं खरवडून काढली. भर दुपारी, लोकांच्या देखत.

त्या खरवडण्याचाच बोभाटा झाला. विहार समितीचे अध्यक्ष देवरावकाका घरी आले. पोलाद कारखान्याच्या कोक ओव्हनमधून रिटायर झालेले, तिच्या वडिलांचे, लहानूबाबांचे, प्लँटमधले जुने सोबती. त्यांनी चहा घेतला, बाबांच्या गुडघ्याची चौकशी केली आणि उठता उठता सांगून टाकलं की मार्च संपेपर्यंत झाड पुरं झालं नाही, तर पॉवर हाऊस भागातल्या बाजारातून फ्लेक्स छापून आणू आणि भिंतीवर ठोकून देऊ. फ्लेक्सला मूड लागत नाही, हेही वर ऐकवलं.

फ्लेक्स! म्हणजे तिच्या खोडाला खिळे.

तेव्हापासून तिचं चित्त ठिकाणावर नव्हतं. सकाळी उठली की घरापुढच्या चिंचोळ्या बागेत जाऊन उभी राही. बाबा तिथे पाइप धरून पानं धूत असायचे. प्लँटच्या कॉलनीत, सेक्टरच्या क्वार्टरमध्ये असताना पानांवर प्लँटची लाल धूळ बसायची, म्हणून सगळी कॉलनी सकाळी झाडं धुवायची. क्वार्टर सुटलं, कोहक्यात धूळ तेवढी येत नाही, तरी बाबांचा हात थांबत नव्हता. ती धुतलेल्या झाडांमधून फिरे. वाळलेला झेंडू, एक जास्वंद, शेजाऱ्यांच्या भिंतीवरून लोंबणारी बोगनवेल. पाकळी खुडायची, जुन्या कागदावर बोटाने चिरडायची, डाग बघायचा, कागद फेकायचा. बोगनवेलीचा रंग कागदावर आला की मेलाच. झेंडूचा पिवळा देवळाच्या तोरणातच जाऊन बसे. आपल्याला काय पाहिजे हे तिला सांगता येत नव्हतं, आणि सांगता येत नाही म्हणून ती घरात सगळ्यांवर खेकसत होती. सगळे म्हणजे बाबाच. आई जाऊन वर्ष व्हायला आलं होतं.

आईने एकदा नागपूरहून, धम्मचक्र दिनाच्या गर्दीतून, ओल्या रुमालात गुंडाळून पिंपळाचं रोप आणलं होतं. ते पत्र्याच्या ड्रममध्ये वाढलं, क्वार्टर सोडताना टेम्पोत चढलं आणि इथे फाटकाशी येऊन उभं राहिलं. आता त्याचीही पानं गळून गेली होती. बाबा म्हणाले, गेलं वाटते. संघमित्राने नखाने साल खरवडून पाहिली. आत ओल होती. त्या दिवसापासून ती भिंत सोडून ड्रमपाशीच घुटमळायला लागली.

मार्च अर्धा सरला. पळस फुलून झडायला आला. फाटकावर समितीचा निरोप येऊन गेला. आणि एका सकाळी फांद्यांच्या टोकांना गुलाबी सुया दिसल्या. तिने बाबांच्या हातातला पाइप ओढून घेतला.

“धुवू नका याले.”

“कावून?”

“नका म्हटलं ना.”

सुया उलगडल्या. आतून पान आलं ते हिरवं नव्हतंच. तांबडं, तांब्याच्या तारेसारखं चमकणारं, इतकं पातळ की पलीकडचं ऊन आरपार यावं. सगळं झाड पेटल्यासारखं दिसत होतं आणि हात लावला तर गार.  इतकी वर्षं हे झाड दारात होतं. दर वसंतात हेच करत असणार. आपण बघितलं कधी?

फाटकाला मारायचा रेड ऑक्साइड घरात पडला होता. त्यात पिवळा, चिमूटभर पांढरा, वर वार्निशचा हात. ती विहारावर गेली आणि संध्याकाळी उतरली तेव्हा भिंतीवरचं झाड पालवलं होतं. पाठ मोडली होती. पण कितीतरी महिन्यांनी तिला भूक लागली होती.

दुसऱ्या दिवशी देवरावकाका भिंतीसमोर उभे राहून तिच्याकडे न बघता बोलले.

“पोरी, हा रंग कोणाचा आहे, माहीत आहे ना तुले?”

तिने सांगितलं, पिंपळाचा आहे. काका चिडले नाहीत, हेच वाईट होतं. त्यांनी जुनी गोष्ट काढली. सेक्टरात त्यांच्या तरुणपणी एका पिंपळाखाली सगळे वंदनेला बसत. एका सकाळी बुंध्याशी शेंदूर फासलेला दगड निघाला. मग दोरा गुंडाळला गेला, मग घंटा आली. वंदनेची सतरंजी सरकत सरकत नाल्याच्या कडेला गेली आणि एक दिवस उचललीच. ते तेव्हा गप्प बसले होते. पुन्हा बसणार नव्हते.

“पिंपळ अन् शेंदरी एका जागी दिसला, का उद्या कोणी दगड आणून ठेवते. रविवारी वंदना आहे. तवापर्यंत हिरवा मार.”

घरी तिने ताट आपटलं. बाबा भात कालवत म्हणाले, मारून दे ना हिरवा, काय होते.  देवरावकाका मूर्ख असते तर बरं झालं असतं. माणूस खरं बोलत होता आणि तरीही चूक होता. अशा माणसाशी भांडायचं कसं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

आणि इकडे ड्रममधलं झाड थांबायला तयार नव्हतं. तांबडा रंग रोज उतरत होता. आधी पोपटी कडा, मग शिरा. रविवारी तिने ते झाड ई-रिक्षात चढवलं, साक्षीला म्हणून. बाबा दुसऱ्या बाजूने ड्रम धरून बसले. विहारापुढे उतरवलं तेव्हा सगळं कोवळं हिरवं झालेलं. फक्त शेंड्याला दोन-चार पानं तांबडी उरली होती.

वंदना संपून लोक बाहेर आले. काकांनी ड्रमाकडे बघितलं, भिंतीकडे बघितलं. बायका तोंडाला पदर लावून हसल्या.

“झाडच हिरवं म्हणून राहिलं,” काका म्हणाले. “तुले काय पाहिजे मंग?”

आत दोरीवर भन्तेजींचं नेसायचं तांबूस चीवर वाळत होतं. संघमित्राने तिकडे बोट दाखवलं. त्याले कोणी शेंदरी म्हणते का, तिने विचारलं. काका म्हणाले, चीवर आत आहे, भिंत रस्त्यावर.

मग तिचा बांध फुटला. आवाज मात्र चढला नाही.

“काकाजी, दगड ठेवणारा रंग विचारून ठेवत नाही. हिरव्या झाडाखालीच ठेवला होता ना त्यानं? शेंदरी त्यांचा, हिरवा दुसऱ्यांचा, आपला निळा. बाकीचे सगळे वाटून टाकले का? अन् जे झाड आपलं म्हणतो, त्याच्या पानाचा रंगही भेवून सोडायचा?”

कुणी हसलं नाही. तिने हिरव्या रंगाचा डबा काकांच्या पायाशी ठेवला आणि ब्रश हातात दिला.

“मी नाही मारणार. तुमाले मारायचा तर मारा. शिडी आहे.”

 आता हा माणूस चढेल आणि संपलं.

देवरावकाका खरंच चढले. बाबांनी पुढे होऊन शिडी धरली. काकांनी ब्रश बुडवला आणि किती तरी वेळ त्या तांबड्या पानांसमोर नुसता धरून ठेवला. हिरवा थेंब त्यांच्या पांढऱ्या पँटवर पडला. मग अगदी खालच्या फांदीला, जिथे जागा मोकळी होती तिथे, त्यांनी एक पान काढलं. जाड, वाकडं, विड्याच्या पानासारखं. एकाही तांबड्या पानाला हात लावला नाही.

खाली उतरून त्यांनी ब्रश तिला परत दिला.

“खालून जुनी पानं हिरवी काढ. वरची राहू दे. अन् जयंतीले कोणी विचारलं, तर तूच सांगजो. मी नाही सांगणार.”

“सांगीन.”

लोक पांगले. ती शिडीवर चढली. काकांचं पान जवळून फारच भयानक दिसत होतं. खरवडायला तिने पत्रा उचललासुद्धा. पण त्या हिरव्याशेजारी वरचं तांबडं कधी नव्हे इतकं पेटलं होतं, हे तिला नाइलाजाने कबूल करावं लागलं. तिने पत्रा खाली टाकला, कपाळाला आठी घातली आणि त्या वाकड्या पानाला तसंच ठेवून पुढचं काढायला घेतलं.

खाली बाबा ड्रममधल्या झाडाला पाणी घालत होते. पानं न धुता, नुसतं मुळाशी.