खडीसाखरेचं पाणी

दगूबाईच्या हाताला गुण होता. सारंगखेड्याच्या अल्याडपल्याड कुणाचं पोर तापलं, कुणाची गाय अडली, की बोलावणं दगूबाईलाच. आणि तिच्याच घरात तिची सून गजरा दोन वर्षं कण्हत होती. काय म्हणावं या नशिबाला!

गजराला उन्हाळी लागायची. लघवीला बसली की डोळ्यांतून पाणी यायचं. ते जरा थांबलं की पांढरं जायचं आणि खाज सुटायची. अशी खाज की पोर रडकुंडीला यायची. पंधरा दिवस बरी, की पुन्हा तेच. शेतात दिवसभर लघवी दाबून धरते म्हणून होतं, असं दगूबाईला आधी वाटलं. मग तिनं मिरची बंद केली, लुगडी राखेच्या पाण्यात उकळली. पोटच्या पोरालाही सोडलं नाही. यात्रेतल्या तमाशाच्या तंबूत काय दिवे लावलेस, असं भिलाला तोंडावर विचारलं. त्यानं तापीमाईची आण घेतली. करता करता तिनं ठरवलं, ही अंगातली उष्णता. औषध ठरलेलंच होतं: धन्याचं पाणी आणि त्यात मूठभर खडीसाखर, सकाळ-संध्याकाळ. जोडीला गुलकंद.

गजरा घटाघटा प्यायची. तिची तहान भागतच नव्हती. खायची चांगलं, तरी हाडं वर येत होती.

"हाई बाहेरनं दुखनं शे," दगूबाईची जाऊ नर्मदाबाई म्हणाली. "तिना मोरीमा मुंग्यास्नी रांग लागस, देखी मी. भिलानं दुसरं लगीन करी टाका."

"मी जित्ती शे तोवर या घरमा दुसरी सून येवाव नही!" दगूबाई कडाडली. गजराला जवळ घेऊन म्हणाली, "तू मन्ही पोर शेस. मी तुले बरी करसू." आणि खडीसाखर दुप्पट केली.

चैत्रात गजराला अंथरुणावरून उठवेना. तेव्हा दगूबाईनं हट्ट सोडला आणि गाडी जुंपून तिला तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. परक्या पुरुषापुढे गजरा गाडीतून उतरेना. डॉक्टरानं लघवीसाठी बाटली दिली. दगूबाईनं लिंबाआड लुगड्याचा आडोसा धरला आणि बाटली भरून आत नेली. डॉक्टरानं निळ्या पाण्यात चार थेंब टाकून नळी दिव्यावर धरली. बघता बघता निळं पाणी विटेसारखं तांबडं झालं.

"खायला-प्यायला काय देता?" त्यानं विचारलं.

आता हे दगूबाईच्या आवडीचं. तिनं धने किती, खडीसाखर किती, गुलकंद कुठल्या गुलाबाचा, सगळं सांगितलं. "दोन वरीस झाया, एक दिन चुकनू नही," ती म्हणाली. शाबासकी मिळेल असंच तिला वाटलं होतं बिचारीला.

डॉक्टरानं ती तांबडी नळी तिच्यापुढे धरली. मग हळू आवाजात म्हणाला, "बाई, यांना मधुमेह आहे. लघवीतून साखर जाते. म्हणूनच मुंग्या, म्हणूनच खाज आणि जळजळ पुन्हा पुन्हा. गोड पूर्ण बंद करा. आजच."

"मंग बरी व्हई?"

"यावर आता सुया निघाल्यात. मुंबईहून आणायच्या, रोज टोचायच्या, जन्मभर. तुम्हाला ते जमायचं नाही. गोड तोडलंत तर वर्षभर काढतील. नाही तोडलंत तर पावसाळा निघणार नाही."

दगूबाईनं आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं.  या हातानं, या मेल्या हातानं पाजलं मी!

घरी आल्यावर गजरानं तांब्या पुढे केला. दगूबाईनं साधं पाणी ओतलं; आपल्याच हातानं झालेली चूक सांगायचं धाडस तिला होईना. गजरा एक घोट पिऊन थांबली. दुसऱ्या दिवशीही साधं पाणी, तिसऱ्या दिवशी गुलकंदाची बरणीही फळीवर नाही. नेमक्या त्याच दिवशी नर्मदाबाईच्या बोलावण्यावरून मुलीकडची दोन माणसं भिलाला बघून गेली. गजरानं सासूकडे पाहिलं आणि म्हणाली, "तुम्हीबी, आत्या?"

दगूबाईचा बांध फुटला. "नही वं बेटा! डॉक्टर सांगे, तुले साखरनं दुखनं शे. मीच तुले इतला दिन इख पाजं. माले माफ कर."

गजरा हसली. फार वाईट हसली. "साखर खाईसन कोन मरस, आत्या? खोटंच बोलानं शे त नीट बोला. साखर आते नवी सूनसाठे ठेवनी शे, असं सांगा."

दगूबाईनं कुलदैवताच्या शपथा घेतल्या, ऊर बडवून घेतला. भिलाला समजूत घालायला बोलावलं, तर तो म्हणाला, "माय, असं दुखनं कोठे ऱ्हास का?" गजरानं भिंतीकडे तोंड केलं, ते फिरवलं नाही.

आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या माहेरपणाला, तिचा भाऊ नवल म्हसावदहून तिला न्यायला आला. गाडीत गादी घातली, गजराला उचलून ठेवलं. बैल निघाले तशी दगूबाई मागे धावली. "नवल, तिले गोड देऊ नको रे! पुरनपोळी नको, आंबाना रस नको, तुन्हा पाय पडस!"

नवलनं बैल थांबवले नाहीत. मागे वळून म्हणाला, "आमना घरमा साखरनी कमी नही, मावशी."

विहिरीवर पाणी भरणाऱ्या बायांचे हात थांबले. मरत्या सुनेला माहेरच्या घासावरूनही ही बाई अडवते, असं एकजण दुसरीला म्हणाली, दगूबाईला ऐकू जाईल अशा बेतानं. गाडी गावाबाहेर पडली. गजरानं एकदाही वळून पाहिलं नाही. म्हसावदला तिची आई दारातच कैरीच्या पन्ह्याचा तांब्या घेऊन उभी असणार होती, आणि लेक वाळलेली बघून साखर जरा जास्तच घालणार होती.