ठेवणीतले फोन

एका हाताने छातीचे टाके सांभाळत कंपाउंडरांनी दुसऱ्या हाताने कपाट उघडलं. इस्पितळातून येऊन नुकतंच घरात पाऊल टाकलं होतं. लेक अजून खाली गाडीतून सामान उतरवत होती.

"आधी टेका जरा," बायको म्हणाली. "तुमची सवत कुठे पळून जात नाही."

कपाटाला ती सवत म्हणायची आणि त्यात खोटं काही नव्हतं. दवाखान्यातली नोकरी संपल्यापासून कंपाउंडरांचा सगळा जीव तिथेच अडकला होता. लोकांनी टाकून दिलेले मोबाइल, काही घडीचे, काही सरकवून उघडायचे, काही बटणं झिजलेले. शिवाय वॉकमन, एक पेजर आणि तळहाताएवढा टीव्ही. सगळे चालू. आयुष्यभर दुसऱ्यांना पथ्यं सांगितलेल्या माणसाने यांनाही पथ्य लावलं होतं: ठेवणीतली बॅटरी रिकामी सोडली तर मरते, गच्च भरून ठेवली तर फुगते, म्हणून अर्ध्यावर ठेवायची आणि अधूनमधून बघायची. जेवताना, फिरायला जाताना, पाहुण्यांदेखत हे त्यांनी बायकोला इतक्यांदा ऐकवलं होतं, की तिने झोपेतही म्हणून दाखवलं असतं.

ऑपरेशननंतर शुद्धीवर आल्यावर त्यांना काळजी लागली ती याचीच. इतके आठवडे कोण बघणार? लाजेखातर विचारलं मात्र कुणालाच नाही.

त्यांनी सरकवून उघडायचा फोन उचलला. हा सगळ्यांत लाडका. बटण दाबताच पडदा उजळला आणि जीव भांड्यात पडला. मग कोपऱ्यातल्या खुणेकडे लक्ष गेलं. बॅटरी पूर्ण. दुसरा घेतला, तोही पूर्ण. तिसराही. लाडक्याची पाठ बोटांना उंच लागली; झाकण नीट बसत नव्हतं.

"अगं, हे चार्जिंग कुणी केलं?"

"भुतांनी. मी नाही तर कोण करणार? रोज करत होते."

"रोज?"

"तिथे आत बसू देत नव्हते. घरी येऊन दुसरं काय करायचं मी?" ती पलंगावरची उशी झटकत म्हणाली.

कंपाउंडरांनी फुगलेली बॅटरी हलकेच काढून बाजूला ठेवली. रागावणं जिवावर आलं होतं, पण जन्माची खोड जाते थोडीच.

"अर्ध्यावर थांबायचं असतं गं. सांगितलं होतं ना तुला?"

"ठाऊक आहे. कान किटलेत माझे."

"मग?"

तिचे हात उशीवरच थांबले.

"डॉक्टर रोज तेच म्हणायचे. पन्नास टक्के धरून चला, पन्नास टक्के." तिने उशी भिंतीशी उभी केली. "मला नाही बघवला एकही फोन अर्ध्यावर."

हातातला तिसरा फोन कंपाउंडरांनी होता तसा, भरलेलाच, जागेवर ठेवला आणि मुकाट्याने जाऊन उशीला टेकून बसले.