स्पर्श मोजणारे टेबल

मित्रांनो, मी टेबल आहे. जुने आहे, पण माझ्यावर आजवर कोणी जेवलेले नाही की कोणी गृहपाठ केलेला नाही. विज्ञान केंद्राच्या तळमजल्यावर, जिन्याच्या डाव्या हाताला माझी जागा आहे. माझा वरचा भाग म्हणजे एक मोठा काचेचा पडदा. त्यावरच्या चित्राला बोट लावले की चित्र हलू लागते, प्रश्न विचारते आणि उत्तरही देते. पूर्वी पडद्यावरचे बरोबर उत्तराचे बटण दाबले की गाणेही वाजे. निसर्गाकडे बघून माणूस काय काय बनवायला शिकला, ते लोकांना समजावणे हे माझे काम.

सुताराने माझा सांगाडा केला आणि चित्रकार ताईने चित्रे काढली. ताई मोठी चिवट. खंड्याची चोच मनासारखी जमेपर्यंत तिने कुणालाच जेवायला सोडले नाही. खंड्या पाण्यात सूर मारतो तेव्हा पाणी फारसे उडत नाही. त्या चोचीवरून वेगवान आगगाडीचे नाक कसे घडवले, ते माझ्या पडद्यावर दिसते. शेजारी वारूळ आहे आणि त्यावरून सुचलेली, कमी विजेत गार राहणारी इमारत. कपड्यांना चिकटणारे काटेरी बी आहे आणि बुटाची चर्रकन उघडणारी पट्टी. कमळाचे पान आहे आणि नुसत्या पाण्याने स्वच्छ होणारी भिंत.

सुरुवातीची वर्षे मजेत गेली. माझ्या पोटात एक मोजणी चालते. काचेला बोट लागले की आकडा एकने वाढतो आणि रोज सकाळी पुन्हा शून्यापासून सुरू होतो. दिवसाला नऊशे, कधी हजार. महिन्याच्या शेवटी ऑफिसातून कोणीतरी येऊन रोजचे आकडे उतरवून नेई आणि सगळ्या दालनात माझाच पहिला नंबर असे. माझ्या अंगावर मूठभर मांस चढे. लाकडाच्या अंगावर ते कसे चढते, हे विचारू नका.

एके दिवशी एका मुलीने पाऊण तास माझ्यावर बोटे बडवली. तिच्या वडिलांनी कौतुकाने विचारले, "काय शिकलीस गं?"

"बरोबर बटण दाबलं की गाणं वाजतं!" ती म्हणाली.

मला लाज वाटली. इतकी वर्षे मी खंड्याबद्दल बोलत होते आणि मुले गाण्यासाठी बटणे दाबत होती.

हे बोलणे पक्कड काकांनी ऐकले. काका आमचे दुरुस्तीवाले. खिशात कायम पक्कड, म्हणून हे नाव. त्यांनी ताईला गाठले आणि दोघांनी मिळून माझे गाणे काढून टाकले. मग काकांनी माझ्या पोटाखाली एक खण बसवला. त्यात काटेरी बिया, लोकरीचा तुकडा, भिंग, थेंब टाकायची नळी आणि थोडी धूळ ठेवली. मागच्या हौदातून कमळाचे ताजे पान ते रोज सकाळी स्वतः आणू लागले. आता चित्राला बोट लावले की मी आधी एवढेच सांगत असे, "खण उघडा. हातात घेऊन बघा. अडलात तर मला विचारा."

मुले खण उघडत आणि तिथेच रमत. बी लोकरीला चिकटवत, ओढून काढत, भिंगातून त्याचे बारीक वाकडे काटे बघत. "अगं, हे तर माझ्या बुटासारखं आहे!" असे कोणीतरी ओरडे. ते सांगायला मी टपून बसलेले असे, पण पुन्हा माझ्यापर्यंत कोणी येतच नसे. खरे सांगते, मला त्या खणाचा हेवा वाटला.

आणि आकडा घसरला. हजाराचे शंभर झाले, शंभराचे चाळीस. ऑफिसात ठरले की या टेबलाला आता कोणी विचारत नाही. माझ्या जागी यंत्रमानवांच्या शर्यतीचा खेळ येणार होता आणि मी अडगळीच्या खोलीत जाणार होते. काका संचालकबाईंशी भांडायला गेले.

"बाई, नुसत्या आकड्यावर जाऊ नका हो."

"मग कशावर जाऊ? मला वर कागद पाठवायचा असतो, काका."

सोमवारी सकाळी, दार उघडताच, दोन हमाल मला उचलायला आले. बाईही आल्या. "एकदा बघून तरी घ्या," म्हणत काकांनी त्यांना माझ्यासमोर उभे केले. बाईंनी घड्याळ बघितले आणि कमळाच्या पानाला बोट लावले. मी नेहमीचेच सांगितले: खण उघडा.

बाईंनी पानावर धूळ भुरभुरली आणि एक थेंब सोडला. थेंब घरंगळला आणि जाताना वाटेतली धूळ घेऊन गेला. त्यांनी पुन्हा सोडला. मग पान तिरके धरले, मग भिंग घेतले. चष्मा कपाळावर गेला. हमालांनी आधी भिंतीला टेकून पाहिले, मग खाली बसले.

वीस मिनिटांनी बाई म्हणाल्या, "हे भारीच आहे की हो."

काकांनी माझा कोपरा दाबून पोटातला आकडा पडद्यावर आणला. तिथे एक होता.

"आज पहिल्या तुम्हीच, बाई. वीस मिनिटांत एकदाच शिवलात. कागदावर काय लिहाल? कोणी बघितलंच नाही?"

एक हमाल उठत म्हणाला, "मग उचलायचं ना?"

"थांबा हो," बाई म्हणाल्या, "त्या बिया बघायच्या राहिल्यात."

मी अजून जिन्याच्या डाव्या हातालाच आहे. काच एका कोपऱ्यात तडकली आहे आणि उन्हाळ्यात मी तापते, पण ते काका बघून घेतात. मित्रांनो, पान मात्र जपून हाताळा, बिया परत खणात ठेवा आणि पुढच्यासाठी नळीत पाणी भरा. आणि एक विनंती आहे. एके काळी मी हे मेले तरी म्हटले नसते. माझ्याकडे आलात की मला जरा कमी शिवा.