तांडेलाचा हिशेब

घड्याळात साडेदहा वाजले, तसा भिवा तांडेलांनी आकडा मांडला. नात सानिका, वय वर्षं नऊ, मस्कतहून साडेदहाच्या विमानाने एकटीच येणार होती. मुलगा स्वरूप तिला आणायला रत्नागिरीहून पहाटेच गाडी घेऊन मोपा विमानतळाकडे निघाला होता. मस्कत ते मोपा साधारण साडेअठराशे किलोमीटर, प्रवास पावणेतीन तासांचा, असं सानिकाची आई, मस्कतला राहणारी मुलगी ईशा फोनवर म्हणाली होती. म्हणजे सव्वा वाजता उतरणार. तिकिटावर पोचायची वेळही छापलेली होती, पण ती भिवांनी पाहिली नाही. हयात मिरकरवाडा बंदरात तांडेल म्हणून होड्या हाकण्यात गेलेली. सुटायची वेळ नि अंतर कळलं की पोचायची वेळ दुसऱ्याला विचारायची नाही, ही त्यांची रीत.

सव्वा वाजला. दीड झाला. स्वरूपचा फोन लागेना.

भिवा पायरीवर येऊन बसले. होडी वेळेवर परतली नाही की बंदरावर पहिला तासभर कुणी बोलत नाही. मग माणसं तिच्या टाकीतलं डिझेल किती तास पुरेल ते मोजतात. त्यानंतर घरच्या बायकांना काही सांगायचं नाही, असा शिरस्ता. धाकटा भाऊ शिवा परतला नाही तेव्हा भिवांनी असंच डिझेल मोजलं होतं, आणि मोजून झाल्यावरही दोन दिवस धक्क्यावर बसून राहिले होते. पण होडी इंजिन बंद पडलं तरी तरंगते, नांगर टाकते. विमान काय टाकणार?

दोन वाजले. आतून बायको विमलाने जेवायला हाक मारली. भूक नाही म्हणाले. सव्वादोनला ती बाहेर आली, तेव्हा ते पुन्हा स्वरूपचा नंबर लावत होते.

"काय झालं ओ?"

"काय नाय. तू आत जा."

ती गेली नाही. शेजारी बसली. तेव्हा त्यांच्या तोंडून निघालं, "तास झाला वर. पोर आली नाय."

विमला त्यांच्याकडे बघतच राहिली. मग हळू म्हणाली, "बारा वाजता ईशाचा फोन होता. विमान आत्ता सुटलं म्हणाली."

"साडेदहाला सुटायचं ते?"

"तिथले साडेदहा. मी दुपारचा चहा ठेवते, तेव्हा तिकडे ईशाकडे जेवायला बसतात. सूर्य आधी आपल्याकडे येतो, म्हणून त्यांचं घड्याळ दीड तास मागं. रोज बोलते मी तिच्याशी, तुम्ही नुसतं 'बरं आहे ना' विचारता नि फोन ठेवता."

भिवांनी बोटांवर पुन्हा मोजलं. पावणेतीन येत होते.

"म्हणजे आत्ता ती कुठं असेल?"

"समुद्रावरच."

दोघंही पायरीवरच बसून राहिली. ताटं आत तशीच झाकलेली. पावणेतीन वाजले, तीन वाजले. आता विमलानेही पदराचं टोक मुठीत धरलं होतं.

तीन वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला. स्वरूप म्हणाला, विमान वेळेवर उतरलं, बाहेर यायला रांग होती, ही घ्या बोला.

"आजोबा, मी आले."

भिवांनी फोन विमलापुढे धरला. विमलाने त्यांच्या हातातून फोन घेतला आणि पोरीला आधी पाणी पी म्हणून सांगितलं.