चौथा सर्व्हर

लवंगी हे काही तिचं खरं नाव नव्हतं. चाळिशीला टेकलेली, दोन मुलांची आई. पण चणीने बारीक आणि जिभेने तिखट, म्हणून जुन्या साहेबांनी हे नाव ठेवलं आणि ते बारा वर्षं तिला चिकटून राहिलं. रुग्णालयाच्या तळघरात, स्वेटर घातल्याशिवाय बसवत नाही अशा खोलीत ती सर्व्हर सांभाळायची. वॉर्डावॉर्डातल्या संगणकांच्या पडद्यांवर दिसणारी रुग्णांची नावं, औषधं, किती द्यायचं, कधी द्यायचं, हे सगळं तिथल्या तीन सर्व्हरवरून जायचं. वॉर्डातून मागणी आली की ती तिघांपैकी मोकळ्या असलेल्याकडे ढकलायचं काम एक प्रोग्राम करायचा. त्याला ती वाटप्या म्हणायची.

त्या दिवशी सकाळी तिने चौथा सर्व्हर उभा केला. नव्याने लागलेल्या नर्सेसना सराव करता यावा, एवढ्याचसाठी. त्यात गेल्या वर्षीच्या नोंदींची नक्कल भरली, तिसऱ्या सर्व्हरची सेटिंगची फाईल उचलून इथे ठेवली, बदलायच्या त्या ओळी बदलल्या, आणि साडेअकराला तो चालू केला. एका फटक्यात चालू झाला. ती खुशीत चहा ओतून घेते तोच फोन वाजला. चौथ्या मजल्यावरच्या मोठ्या सिस्टर होत्या.

"काय गं लवंगी, तुझी मशीन आज लपाछपी खेळतेय का? पेशंट पलंगावर ढळढळीत दिसतोय आणि पडदा म्हणतो, असा कोणी नाहीच."

"पुन्हा उघडून बघा."

"उघडलं. आता आहे. परत उघडलं तर परत गायब!"

"सिस्टर, चष्मा पुसा एकदा," लवंगी हसली. पण फोन ठेवताना तिचं हसू ओठांवरच विरलं. कधी आहे, कधी नाही. म्हणजे उत्तर देणारे दोन वेगवेगळे आहेत.

तिने वाटप्याची यादी उघडली. तिथे तीन नावं हवी होती. चार होती.

फाईलमध्ये सर्व्हरच्या गटाचं नाव लिहायची एक ओळ असते. ती बदलायची राहिली होती. चालू झाल्या झाल्या चौथ्याने नेटवर्कवर आरोळी ठोकली होती, मीही तुमच्यातलाच. आणि वाटप्याने त्याला निमूटपणे पंगतीत बसवलं होतं. एकोणीस मिनिटं तो खऱ्या वॉर्डांना गेल्या वर्षीची उत्तरं देत होता.

तिने एका आज्ञेत तो बंद केला. पडदे ताळ्यावर आले. खोलीत फक्त पंख्यांची घरघर.

आता कोणाला काही कळणार नव्हतं. सराव सर्व्हरवरच्या नोंदी पुसणं तिच्याच हातात होतं, आणि पुसल्या असत्या तर सकाळ झालीच नाही असं झालं असतं. हा विचार तिच्या मनात आला, आणि तो आला याचीच तिला जास्त भीती वाटली. तिने नोंदी उघडल्या. पासवर्ड दोनदा चुकला.

एकेचाळीस जणांची माहिती चौथ्याकडे मागितली गेली होती. अडतीस नवे रुग्ण. गेल्या वर्षी ते नव्हतेच, म्हणून पडदा कोरा. राहिले तिघं. तिघंही पूर्वी येऊन गेलेले, आणि त्यांच्या नावासमोर जुनी औषधं दिसलेली.

तिन्ही नावं तिने हाताच्या तळव्यावर लिहिली. वॉर्डांचे फोन लागेनात. लिफ्टची वाट न बघता ती जिना चढत सुटली.

दुसऱ्या मजल्यावरच्या बाईची गोळी तेव्हाही तीच होती, आताही तीच. तिसऱ्या मजल्यावरच्या मुलीचं औषध अजून वाटीतच होतं. लवंगीने ते नर्सच्या हातातून जवळजवळ हिसकावून घेतलं. पाचव्या मजल्यावर पोचेपर्यंत छातीचा भाता झाला होता. खिडकीजवळच्या पलंगावर एक म्हातारे गृहस्थ जेवणाच्या ताटापुढे बसले होते. शेजारी नर्स वापरलेली सुई डब्यात टाकत होती.

"इन्सुलिन दिलं?"

"आत्ताच दिलं. चोवीस युनिट." नर्सने पडद्याकडे पाहिलं आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. पडद्यावर दहा होतं. "चोवीस होतं हो! मी दोनदा वाचलं. देवाशप्पथ, चोवीसच होतं!"

"होतं," लवंगी म्हणाली. "तुम्ही बरोबर वाचलंत. चूक माझी आहे. आधी डॉक्टरांना बोलवा."

डॉक्टर आले, सलाईनमधून साखर सुरू झाली. "पुढचे तीन-चार तास डोळ्यात तेल घालून बसायचं," ते म्हणाले, आणि लवंगीकडे न बघता निघून गेले. पलंगाच्या पायथ्याशी म्हाताऱ्यांची मुलगी उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"तुम्ही कोण?"

लवंगीने सांगितलं. काय झालं, कसं झालं, आडपडदा न ठेवता. मुलगी किंचाळली असती तर बरं वाटलं असतं. तिने खुर्ची पुढे सरकवली.

"मग आता इथेच बसा. बघा."

लवंगी बसली. दर पंधरा मिनिटांनी म्हाताऱ्यांच्या बोटाला टोचायचं, रक्तातल्या साखरेचा आकडा वाचायचा. ऐंशी. बासष्ट. साहेबांचा फोन आला, "लेखी काही देऊ नकोस, आधी मला भेट." तोवर तिने वॉर्डातल्या कागदावर सगळं लिहून सहीसुद्धा केली होती. एकोणपन्नास. म्हाताऱ्यांच्या कपाळावरून घाम ओघळला. ते लवंगीचं मनगट धरून म्हणाले, "आक्का, दार लाव ना गं, गार वाटतंय." त्यांचा हात बर्फासारखा होता. ती हललीसुद्धा नाही. आपल्या हातून माणूस जातोय, आणि त्याला आपण त्याची बहीण वाटतोय, एवढंच तिच्या डोक्यात घुमत राहिलं.

डॉक्टरांनी साखर वाढवली. एकाहत्तर. अठ्ठ्याऐंशी. चारच्या सुमारास म्हाताऱ्यांनी डोळे नीट उघडले, लवंगीचा हात सोडला आणि मुलीला विचारलं, "या बाई कोण? आणि माझं ताट कुणी नेलं?"

मुलीने तोंड फिरवलं आणि पदराने डोळे पुसले. मग लवंगीला म्हणाली, "जा आता. माफबिफ काही करणार नाही मी. पण त्या नर्सचा दोष नाही, हे मीही लिहून देते."

चौकशी झाली. नर्सवर काही आलं नाही. लवंगीला ताकीद मिळाली, तीन महिने सर्व्हरला हात लावायला बंदी झाली. सरावाच्या सर्व्हरची तार वेगळी टाकली गेली. हे आधीच करायला हवं होतं, असं जो तो म्हणाला.

घरी तिने सासूबाईंना सगळं सांगितलं तेव्हा त्या भाजी निवडत होत्या. "लपवलं नाहीस ना?"

"लपवणार होते, आई. क्षणभर."

सासूबाईंनी निम्मी जुडी तिच्यापुढे सरकवली. दोघी देठ खुडत राहिल्या.

लवंगी आता पुन्हा तळघरात बसते. नवा सर्व्हर चालू करायचा असला की ती कोणालातरी शेजारी बसवते आणि फाईलची ओळ न् ओळ मोठ्याने वाचून दाखवते. लोक हसतात. ती हसत नाही. चालू करायचं बटण दाबताना अजूनही तिचे हात गार पडतात.