छपरावरचा कर्णा आणि घरातली पेटी

आ... आ... सोंगजी गावच्या सभागृहाच्या छपरावरून मी कर्णा बोलतोय. सरपंच ग्वाक आधी माइकमध्ये फुंकतात, मग खाकरतात, म्हणून मलाही तीच खोड लागली आहे.

एका वर्षी लसणाला चांगला भाव आला, तेव्हा गावाने मला शहरातून आणून इथे बसवलं. तालुक्याच्या कचेरीतून निरोप आला की तो मी शेतांपर्यंत पोचवतो. खताची गाडी, फवारणी, लसणाचा लिलाव, सुटलेलं वासरू, सगळं.

मागच्या हिवाळ्यात कचेरीने घरोघरी एकेक पांढरी पेटी दिली. सरपंचांचं बोलणं आता ती घरातल्या घरात ऐकवते. आवाज मऊ. बायका तिला रोज पुसतात, कोणी तिच्याखाली क्रोशाचा रुमाल घालतात. ती भाताच्या कुकरशेजारी उबेला बसते आणि माझ्यात चिमण्या घरटी करतात. जळू नको तर काय करू?

त्यात राजधानी सोलहून राहायला आलेल्या एका कुटुंबाने झोपमोडीची तक्रार केली. ठरलं, लसूण निघाला की कर्णा उतरवायचा.

लसूण निघाला. उपटून शेतातच वाळत घातला होता. दुपारी कचेरीतून निरोप आला, जोराची सर येतेय. सरपंचांनी पेटीवरून पुन्हा पुन्हा सांगितलं. मी वरून पाहत होतो. शेतात वाकलेला एकही माणूस हलला नाही. खरं सांगतो, मला आनंद झाला. भिजू दे लसूण, मग कळेल, असंही मनात आलं.

सरपंचांची बायको धापा टाकत सभागृहात शिरली. "अहो, कोणाला सांगताय? भांड्यांना? माणसं शेतात आहेत!"

"आयगू!" म्हणत सरपंचांनी माझं बटण दाबलं. फुंकायलाही विसरले. "लसूण झाका! ताडपत्र्या घ्या! ए माकसू, बघतोस काय, पळ!"

सर आली तेव्हा बहुतेक लसूण झाकलेला होता.

संध्याकाळी पायरीवर तांदळाची दारू पिताना माकसू म्हणाला, "कर्णा उतरवायचा तर आधी मला उतरवा."

"तुला चढवलंय कोणी!" सरपंच हसले. पण आत जाऊन त्यांनी कचेरीला फोन करून सांगितलं, कर्णा राहील, फक्त सकाळी उशिरा बोलेल.

मी अभिमानाने फुगलो होतो. तेवढ्यात मागच्या घरातून आवाज आला. तिथे हादोंगकरीण आजी एकटी राहते. हादोंगहून सून होऊन आली, तेव्हापासून हेच तिचं नाव. पाय गेल्यावर तिने शेती सोडली. पेटीतून सरपंच सगळ्यांचे आभार मानत होते आणि आजी पेटीला म्हणत होती, "हो रे बाबा, ऐकलं. दमलास ना ओरडून? जेवलास का?"

ओरडलो मी, लसूण वाचवला मी, आणि विचारपूस मात्र पेटीची! इतक्या वर्षांत माझं सगळ्यांनी ऐकलं, पण माझ्याशी कोणी बोललं नाही.

सभागृहावरून जाणार असाल तर क्षणभर मान वर करा आणि मलाही विचारा, जेवलास का म्हणून. मी जेवत नाही, ठाऊक आहे मला. तरी विचारा.